विषयाची जागा कोरी असलेली तीनशे बारा पत्रे

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, बी.ए., टंकलेखन वर्गाची निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या दहा बोटांनी टाइप करत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा प्रयत्न आजवर कोणाला झेपलेला नाही.

१. राहते घर मुलगी आणि मुलगा यांना निम्मेनिम्मे. भांडू नये. भांडायचेच असेल तर समोरासमोर भांडावे. रागात लिहिलेली मेल दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवावी. सकाळी ती बहुधा पाठवावीशी वाटत नाही.

२. माझे टंकयंत्र तळमजल्यावरच्या चावीवाल्याला. तो माझा विद्यार्थी. ताठ बसायला अजून शिकलेला नाही. यंत्राच्या पेटीतले बंद पाकीट मात्र मुलीचे. त्यात पासवर्ड आहेत. मृत्युपत्र चारचौघांत वाचले जाते, म्हणून ते येथे लिहीत नाही. प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा आहे. सगळ्या कुलपांना एकच किल्ली लावणाऱ्याकडे चोर पाहुण्यासारखा येतो, हे चावीवाल्याचेच म्हणणे.

३. धाकट्या दिरांना काही नाही. आमच्या ह्यांच्या निवृत्तीच्या निमंत्रणाच्या मेलवर "वहिनीचं जेवण वेळेवर, पण बेचव" असे त्यांना फक्त बहिणीला कळवायचे होते. 'सर्वांना उत्तर' दाबून त्यांनी ते एकेचाळीस जणांना कळवले. मी क्षमा केली आहे, विसरलेले नाही. पाठवण्यापूर्वी 'प्रति'समोरची नावे वाचावीत, एवढा सल्ला त्यांच्या नावे करते.

४. संगणक मुलीला. ब्राउझर नवी आवृत्ती घ्या म्हणाला की घ्यावी, 'नंतर' म्हणत बसू नये. "खाते आजच बंद होईल" अशी बँकेची मेल आली तर तिच्यातल्या दुव्यावर बोट ठेवू नये; बँकेचा पत्ता स्वतः टाइप करावा. खरी बँक आपली एवढी काळजी करत नाही.

५. ह्यांची पत्रे.

आमचा दोघांचा मेलचा पत्ता एकच होता. मी सकाळी वर्गावर, हे दुपारच्या पाळीला पाणीपुरवठ्याच्या टाकीवर. निघण्यापूर्वी हे पहाटेचे स्वप्न लिहून मला पाठवत, म्हणजे आमच्याच पत्त्यावरून आमच्याच पत्त्यावर. संध्याकाळी जेवणघरात मी ते उघडे. पडद्याचा उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलत असे. 'आज तू टाकीच्या तळाशी वर्ग घेत होतीस. मुलींच्या बोटांतून मासे सुटत होते. तू म्हणालीस, मासे मोजू नका, ताठ बसा.' दुसरे एक: 'आपलं घर नळातून थेंबथेंब गळत होतं आणि तू खाली बादली धरून उभी होतीस, अजिबात न घाबरता.'

"विषय लिहीत जा हो," मी म्हणायची.

"स्वप्नाला कसला विषय?" हे म्हणायचे.

हे गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, मेलची पेटी भरली म्हणून मुलगा साफ करायला बसला. त्याला दिसले ते असे: पाठवणारा आणि घेणारा एकच, विषय कोरा, ओळीने तीनशे बारा. बाबा मेल शिकत होते तेव्हाचे प्रयोग असतील, असे समजून त्याने न उघडता सगळी पुसली. वर कौतुकाने म्हणाला, "आई, केवढी जागा झाली बघ!" मी त्याला घराबाहेर काढले.

आता खरे लिहिते. पाचव्या दिवशी ती मला मेलच्या कचरापेटीत सापडली. पुसलेले काही दिवस तिथे पडून असते, म्हणून रडण्याआधी तिथे बघावे. एका कळीसरशी तीनशे बाराच्या तीनशे बारा परत आली. मी मुलाला सांगितले नाही. रागाला टेकू लागतो, तो मी काढला नाही. माझ्या दर वाढदिवसाला त्याचा फोन येतो. "आई, बाबांचं एखादं तरी स्वप्न आठवतं का? मी लिहून ठेवतो." मी म्हणते, "नाही आठवत." ही सर्व पत्रे माझ्यामागे मुलाला द्यावीत.

येथवर वाचून साक्षीदार चावीवाल्याने पेन खाली ठेवले.

"बाई, हे त्याला तुम्ही गेल्यावर कळायचं?"

"मृत्युपत्राची रीतच तशी."

"मग तो ओरडणार कोणावर? तुम्ही तर सुटलात!"

दुसरी साक्षीदार, शेजारची दंतवैद्य, म्हणाली, "काकू, दुखरा दात कोणी वारसाला ठेवून जात नाही."

मला उलट बोललेले खपत नाही. परंतु दोघांचे म्हणणे बरोबर होते.

दुरुस्ती: कलम पाचमधली पत्रे मी हयातीतच देत आहे; ते कलम रद्द. सही थांबवून मी मुलाला माशांचे स्वप्न पाठवले, खाली सगळे कबूल केले. 'प्रति' दोनदा वाचले. विषय लिहिला: माझी चूक.

अकरा मिनिटांनी त्याची नवी मेल आली. विषय कोरा. बापाचाच लेक. आत एवढेच:

'आई, निघालोय. थांब.'

थांबते आहे. साक्षीदारांना घाई असल्यास त्यांनी सही करून जावे.

स्थळ: जेवणघर, संगणकासमोर
दिनांक: ९ ऑक्टोबर, दुपारी सव्वाचार

सही: टंकलेखन वर्गाच्या बाई
साक्षीदार १: चावीवाला, तळमजला (गेला नाही)
साक्षीदार २: दंतवैद्य, शेजारचे दार (चहा ठेवते आहे)