कोपऱ्यातला गालिचा

आई, तू तो गालिचा निवडलास त्या दिवशी मी तुझा पदर धरून उभी होते. किल्ल्याकडच्या बंगल्यातली कप्तानीणबाई नवऱ्याच्या मागे घर आवरून मुंबईला मुलाकडे निघाली होती आणि तिचं सामान विकायला काढलं होतं. गावातली माणसं कपाटं, पितळेची भांडी, पंखे बघत होती. तू टेलिफोन एक्स्चेंजमधली ड्युटी संपवून तशीच आली होतीस, धाकटा तुझ्या कडेवर होता. सगळ्यांनी ओलांडून पुढे जावं अशा जागी तो गालिचा पडला होता, लाल जमिनीचा, निळ्या काठाचा. तू खाली बसलीस. बाई तुझ्याकडे बघत राहिली, मग स्वतःच येऊन तुझ्याजवळ बसली आणि जुना गालिचा कसा बघायचा ते तुला दाखवू लागली. आधी कोपरा उलटायचा; मागची नक्षी पुढच्याइतकी स्वच्छ दिसली आणि गाठी थोड्या वेड्यावाकड्या असल्या तर तो माणसाच्या हातचा. मग लव बोटांनी फाकवून मुळाशी बघायचं, रंग वरून मावळत आलेला आणि आत गडद असतो. ओल्या रुमालाने पुसायचं, रंग सुटतो का ते कळतं. शेवटी नाक लावायचं. तू सगळं केलंस, नाकही लावलंस, आणि हसलीस. बाबा म्हणाले, रत्नागिरीच्या पावसात लोकर कशाला घरात आणायची, बुरशी खाऊन टाकेल. तू म्हणालीस, "खाईल तेव्हा खाईल. तोवर आपण बसू."

आणि आपण बसलो. माजघरात खिडकीखाली तो पसरलेला असे. मला पाढे तिथेच पाठ झाले. धाकट्याला मधल्या फुलांशी काही कर्तव्य नव्हतं, त्याला काठ हवा. काठातल्या दोन निळ्या रेघा म्हणजे त्याचा रस्ता. काड्यापेटीची मोटार घेऊन तो त्या रस्त्याने गुडघ्यांवर फिरत राही, कोपरा आला की तोंडाने भोंगा वाजवी आणि वळे. तुला एक्स्चेंजमधून यायला उशीर झाला की तो माझ्याशी बोलतसुद्धा नसे, नुसता फिरत राही. मग एका वर्षी त्याला ताप आला. पलंगावर त्याला उकडायचं, म्हणून तू त्याला खिडकीखाली गालिच्यावर घेऊन बसलीस. डॉक्टर येऊन गेले. चमच्यातलं औषध त्याने तोंड फिरवल्यामुळे सांडलं, ते मला दिसतंय अजून. त्यानंतर कोणीतरी मला उचलून दगडी गडग्यापलीकडच्या शेजारच्या काकीकडे नेऊन ठेवलं. मला परत आणलं तेव्हा धाकटा नव्हता. गालिचाही नव्हता. माजघराच्या कोपऱ्यात पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं, सुंभाने बांधलेलं काहीतरी उभं होतं.

मला कोणी काही सांगितलं नाही. लहान मुलांना सांगत नसत तेव्हा. काकीच्या परसातून मी एवढंच पाहिलं होतं, की बाबा पांढऱ्यात गुंडाळलेलं काहीतरी हातांवर घेऊन पायऱ्या उतरले. पुढे काही दिवसांनी तू विहिरीवर असताना मी कोपऱ्यातल्या त्या सुंभाची गाठ सोडवायला बसले. तू ओल्या हातांनीच आलीस, माझा दंड धरलास. मारलं नाहीस. खूप हळू आवाजात म्हणालीस, "उठवू नको गो त्याला."

तुझ्या तोंडून ते कसं निघालं, हे आता या वयात मला समजू शकतं. तेव्हा मी सहा वर्षांची होते. मी ते शब्द आहेत तसे घेतले. धाकटा त्या चादरीत आहे आणि झोपलाय, असं मी धरून चालले. तू घरात नसलीस की मी तिथे जाऊन उभी राहते, चादरीला कान लावते. शाळेत काय झालं ते सांगते. कोपऱ्याकडे पाठ करून जेवायला बसत नाही. पावसाळ्यात घरभर ओल धरते तेव्हा चादरीखालून लोकरीचा दमट वास येतो, आणि मला वाटतं, तो उठतोय. किती वर्षांनी हे ओसरलं, सांगता येत नाही. अमुक एका दिवशी सगळं कळलं, असं काही झालं नाही. मोठी झाले, त्यात गालिचा आहे हे ठाऊक झालं, तरी त्या कोपऱ्याजवळ माझा आवाज खाली यायचा. तू गेलीस, बाबा गेले, घर मी सांभाळते आहे. भिंतींना रंग दिला तेव्हा मजुरांना मी तेवढा कोपरा सोडायला सांगितला.

गेल्या दिवाळीआधी मुलगी पुण्याहून बदली होऊन इथे आली. मांडवीला फ्लॅट घेतलाय, जमिनीला गुळगुळीत फरशी आणि घरात नुकतं रांगू लागलेलं पोर. तिला गालिचा हवा होता, आणि नवा नको, जुना, हातचा. दाभोळकडच्या बंद घरांतलं सामान आणणारा एक जण नाचणे गावाच्या रस्त्याला बसतो, त्याच्या गोदामात आम्ही गेलो. त्याने एकेक उलगडून दाखवला. पहिल्याची पाठ मी उलटली, गाठी इतक्या सारख्या की यंत्राच्याच. दुसरा छान मावळलेला दिसत होता, पण लव फाकवली तर मुळाशीही तोच फिका रंग. धुऊन म्हातारा केलेला. मुलगी माझ्याकडे बघत होती, तिने मला असं कधी पाहिलं नव्हतं. तिसरा खरा होता. हिरवट काठाचा, इतका सुंदर की माझा हात त्यावरून निघेना. त्या माणसाने स्वतःच त्याचा कोपरा दुमडला आणि आतून पापड मोडल्यासारखा आवाज आला. खाऱ्या हवेने आतला ताणा, उभे धागे, कुजले होते. "हा बघण्यापुरता उरलाय," तो म्हणाला, "पोर खेळायला देऊ नका."

बाहेर रिक्षाची वाट बघताना मुलगी म्हणाली, आजीचा एक आहे ना माजघरात, तो कसा आहे? मी तिला तिथेच रस्त्याच्या कडेला सगळं सांगितलं. तिला मामा होता आणि तो लहानपणीच गेला, एवढंच माहीत होतं. तिने ऐकलं आणि म्हणाली, मग तो राहू दे, आई. पुन्हा तिने विषय काढला नाही. माझ्याच डोक्यातून तो पापड मोडल्याचा आवाज जाईना. आत काय उरलं असेल?

ऊन चांगलं कडक झालं तेव्हा मी काकीला बोलावलं. ती आता वाकून चालते, पण आली. दोघींनी मिळून तो दारापुढच्या खळ्यात आडवा केला. तो आडवा होताना त्याचं वजन माझ्या हातांत आलं. चादर काढली. बाहेरच्या वेढ्याला कसर लागली होती, काठाचा मोठा तुकडा चाळणीसारखा झालेला. मी धीर सोडला. पण पुढचा वेढा उलगडला तर त्यात कसरीवर घालतात तो निरगुडीचा पाला होता, वाळून तपकिरी झालेला, तरी अख्खा. त्याच्या आत चुरा झालेला पाला, आणि त्याच्याही आत नुसती भुकटी. एका वेळी घातलेला तो नव्हता. मी काकीकडे बघितलं.

"तुमी मामाकडं गेलाव की वयनी ह्यो उनात घालायच्या," काकी म्हणाली. "दर दिवाळीला. पाला मी आनून द्यायची."

मला वाटत होतं, तू त्याला हातही लावत नाहीस. काकी सांगत गेली. तू रजा काढायचीस, खळ्याचं फाटक लावून घ्यायचीस, आणि ऊन कलेपर्यंत गालिच्यावर एका कुशीवर पडून राहायचीस. एकदा तिला म्हणाली होतीस, लोकर माणसांच्या पायाखाली असली तरच टिकते, पोरीच्या लग्नात देऊन टाकेन. लग्नात तू मला पाटल्या दिल्यास. काकीने विचारलं तर म्हणालीस, हात उठला नाही.

शेवटचा वेढा मी एकटीने उलगडला. औषधाचा डाग तिथे होता, पिंपळाच्या पानाएवढा, काळपट. तिथली लव शाबूत, लाल रंग अगदी ताजा. आई, तू गुंडाळायला त्या टोकाकडून सुरुवात केली होतीस. तू त्याला सगळ्यात आत ठेवलं होतंस.

मी कोपरा दुमडून पाहिला. आवाज आला नाही.

गोदामवाल्याच्या ओळखीचा एक रफूगार मुंबईला आहे. त्याने कसरीने खाल्लेला भाग काढून काठ नव्याने बांधून दिला, गालिचा थोडा आखूड झाला. फोनवर त्याने विचारलं, तो काळपट डाग काढू का, निघेल तो. मुलीने माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, डाग राहू दे. नंतर मला म्हणाली, तुला चालत असेल तरच मी नेते. मी हो म्हटलं. ते तुझ्या वतीनेही म्हटलं, असं धरून चालले आहे.

आता तो तिच्या हॉलमध्ये खिडकीखाली आहे. समोर समुद्र दिसतो. नातू त्यावर रांगतो, पडतो, दूध सांडतो, कोणी ओरडत नाही. मी दर रविवारी जाते. मुलगी म्हणते, आई, खाली बस ना त्याच्याजवळ. मी खुर्ची ओढून घेते आणि सांगते, गुडघे दुखतात गो माझे, बसलं तर उठवत नाही. ती बिचारी तेल आणून देते, ते मी घरी घेऊन येते.

गुडघ्यांना काही झालेलं नाही, आई. तिच्याकडून निघाले की मी मांडवीची जेटी टोकापर्यंत चालून येते.