खळ्यात धरलेले पाय

पाय सोडले तेव्हा कळलं, ते पंचांचे होते. अनवाणी होते म्हणून मला शेतकऱ्याचे वाटले. देवरामभाऊ, पत्राची सुरुवात रामरामाने करायची असते हे मला माहीत आहे. तो आता घ्या. तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला असेल. नाशिक रोडला आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे तुमची बहीण आशा आणि भाची तृप्ती आहेत. मी हादरलेलो आहे.

दोष रग्बीचा. महिनाभर केबलवर जागतिक स्पर्धा चालू आहे (शेजारचा दिनेश दुपारी येऊन बसतो, चहा आपल्याकडचा). पहिल्या दिवशी मी पोलिसांना कळवायच्या बेतात होतो. कबड्डीतही आपण माणसं धरतो, पण धरायला कारण असतं. इथे तीस धिप्पाड पुरुष, पुढे जायचं तर चेंडू मागे फेकायचा, आणि ज्याच्या हातात चेंडू त्याच्या मांड्यांना मिठी मारून आडवं व्हायचं. न्यूझीलंडवाले तर सामन्याआधीच मांड्या बडवून जिभा काढतात (पूर्वापार रीत आहे म्हणे). खरा धक्का वेगळाच बसला. एवढं होऊन पंचाशी कोणी वाद घालत नाही. तृप्ती पळते ती क्रॉस कंट्री, म्हणजे शेतामाळातली लांब शर्यत, याच्या उलट. रग्बीत सगळं दिसतं, कळत काही नाही. क्रॉस कंट्रीत सगळं कळतं, दिसत काही नाही. पोरी सुटतात, शेतात शिरतात, आणि बापाने पुढचं देवावर सोडून शेंगदाणे खायचे. मला ते जमलं नाही.

आज जिल्ह्याची निवड होती, पेठ रस्त्यालगतच्या एका गावात. पहिल्या सहा जणी संघात. मी आडवाटेने मधल्या वळणावर जाऊन उभा राहिलो. तृप्ती सगळ्यांच्या पुढे होती. वाटेत तिथल्या वत्सलाबाईंचं खळं आलं (पांढरी फक्की टाकून मार्ग आखला तेव्हा ते मोकळं शेत होतं, नंतर बाईंनी सारवून भात मांडला). तृप्ती कडेला थांबली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. खळ्यात पायताण घालून शिरायचं नाही, हे तिला तुम्ही शिकवलंत. शर्यत चालू असताना काय करायचं, ते शिकवायचं राहिलं. एवढ्यात एक अनवाणी माणूस काठी घेऊन तिच्याकडे धावला. मला वाटलं खळ्याचा मालक, आता पोरीला मारतो. पुढचं मी ठरवून केलं नाही. महिनाभर पाहिलेलं अंगात होतं.

काठीला झेंडी होती. माणूस म्हणजे शर्यतीचे पंच निवृत्ती सर होते. पोरीचा पाय मुरगळला का, एवढंच विचारायला निघाले होते, आणि बूट त्यांनीही काढून ठेवले होते. वत्सलाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"पाय धरायचे त वाकून धर ना, दादा. झोपून कशाला धरतो?"

मग त्या मागून येणाऱ्यांकडे वळल्या. पेठच्या पोरींनी न सांगता बूट काढले होते. शहरातल्या, गंगापूर रोडच्या दोघी बुटांसकट आल्या, त्यांना बाईंनी केरसुणी आडवी धरून बांधावरून फिरवलं. तृप्ती अनवाणीच पळाली. चौथी आली.

पण खेळाडूच्या माणसाने मध्ये हात घातला तर खेळाडू बाद होऊ शकतो, असं दिनेश आता सांगतो. निकाल उद्यावर ठेवलाय. तृप्ती माझ्याशी बोलत नाही. आशा बोलते, ते जास्त वाईट आहे.

आपला,
मल्हारी

ता. क. निवृत्ती सर शाळेत तुमच्या बाकावर बसायचे ना? त्यांच्या कानावर एक शब्द घाला. पत्र खरं तर त्यासाठीच. चूक माझी म्हणा, पोरीची नाही. शिकवण तुमची होती, हेही सांगितलंत तर हरकत नाही.

आणखी एक. पत्र पोचेपर्यंत निकाल लागून गेलेला असेल, असं तृप्ती दाराआडून म्हणाली. घरी आल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य.

सोमवार सकाळ. निवृत्ती सर लंगडत येऊन गेले. तृप्ती संघात आहे. मला वर्षभर मैदानबंदी आहे. आशाने दोन्ही बातम्यांचा मिळून शिरा केला.