तेराव्या खुर्चीचा मान

९ फेब्रुवारी २०१७, गुरुवार

कोर्टाचं पत्र आलं. ज्यूरीच्या कामासाठी ६ मार्चला सकाळी साडेआठ वाजता हजर राहा म्हणून. अर्डिस टॉलेफसन. नाव बरोबर लिहिलंय. बसून दोनदा वाचलं, मग उभं राहून एकदा. अशी पत्रं आली की लोक डॉक्टरचा दाखला शोधायला लागतात. मी तशी नाही. नागरिकाचं कर्तव्य आहे, आणि मी गेली अडुसष्ट वर्षं मोकळीच आहे.

ऑरिनला असं पत्र १९८९ मध्ये आलं होतं. अकरा दिवस बसला, ज्यूरीचा प्रमुख झाला, आणि पुढची पंचवीस वर्षं आमच्या घरात कुठलीच गोष्ट साधी राहिली नाही. बटाटे करपले तरी 'पुरावा काय सांगतो?' त्याला जाऊन येत्या मे महिन्यात तीन वर्षं होतील. ज्या निळ्या पेन्सिलीनं त्यानं निकाल लिहिला ती फ्रिजवरच्या कपात आहे. त्या पेन्सिलीनं त्यानं मला कधी किराणाची यादीसुद्धा लिहू दिली नाही. आज खाली काढून पुसली. टोक नाही. निकाल लांबलचक असणार, पार झिजलं असेल.

ठरलं. मीही प्रमुख होणार. पेन्सिल बरोबर नेणार.

१२ फेब्रुवारी, रविवार

चर्चच्या तळघरात कॉफी. व्हर्ना स्टेनबर्गलाही तेच पत्र आलंय. पर्समधून काढून सगळ्यांना दाखवत होती, नातवाचा फोटो दाखवावा तशी. मी म्हणाले, वा, छान.

व्हर्ना १९८९ च्या त्याच ज्यूरीत होती. अकरा दिवस ऑरिनच्या शेजारी. घरी आला की 'व्हर्ना असं म्हणाली', 'व्हर्नाचा मुद्दा बरोबर होता'. त्यानंतर दर नाताळला तिला एक कार्ड. बाकी सगळी कार्डं मी लिहायची, तो नुसती सही करायचा. तिचं मात्र तो स्वतः लिहायचा आणि पाकीट चिकटवूनच टेबलावर ठेवायचा. मी कधी विचारलं नाही. मत्सर माझ्या स्वभावातच नाही.

आज म्हणाली, "अगं अर्डिस, माझी तर दुसरी खेप! ऑरिन असता तर किती हसला असता."

ऑरिन कशाला हसला असता ते मला व्हर्नाकडून कळायला नको.

शिवाय तिला रीत नाही. आमच्या ऑल्डर लेक गावात कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा 'नको नको'. दुसऱ्यांदा 'अहो, माझ्यासाठी कशाला'. तिसऱ्यांदा 'बरं, अगदी थोडंसं'. शेंबड्या पोराला कळतं. पाद्रीबाईंनी केकचा कोपऱ्यातला तुकडा पुढे केला तर व्हर्ना पहिल्याच फटक्यात 'हो, द्या' म्हणाली. मी दोनदा नको म्हणेपर्यंत केक संपला. म्हणजे मला नकोच होता.

ऑरिननं मला लग्नाचंही तीनदा विचारलं होतं. दुसऱ्या नकारानंतर पंधरा दिवस फिरकला नाही, तेव्हा मी दिवसातून चारदा रस्त्याकडे बघत होते. पण आला.

२० फेब्रुवारी, सोमवार

तयारी. अकरावीत शाळा सोडून वडिलांच्या गाई सांभाळल्या, पण ज्ञानकोश ए पासून एस पर्यंत वाचून काढलाय मी. ऑरिन नुसता त्याच्यासमोर बसायचा. आज ज्यूरीवरचं प्रकरण पुन्हा वाचलं. आरशासमोर प्रमुखाचं भाषण म्हणून पाहिलं. 'मंडळी, आपण घाई करायची नाही.' आवाज चांगला लागतो.

प्रमुखपद मागायचं नाही. मागणं शोभत नाही. लोक आपणहून म्हणतील, मी दोनदा नको म्हणेन.

६ मार्च, सोमवार

निवडली गेले!

साठ जणांना बोलावलं होतं. जज्ज रेंटेरियाबाई, अ‍ॅरिझोनाच्या गरम मुलखातल्या, दोन वर्षांपूर्वी इथे आल्या. अजून मोजे पातळच घालतात. बोलतात स्पष्ट, पण भराभर.

खटला असा. लाइल फॉस नावाच्या माणसावर आरोप आहे की गेल्या जानेवारीत गोठलेल्या तळ्यावरची शेजाऱ्याची मासेमारीची खोपी त्यानं पेटवली. शेजारी डेनी. डेनीच्या नव्या खोपीत दोन पलंग आणि टीव्ही होता. लाइलच्या खोपीत उलटी बादली.

वकिलानं सगळ्यांना विचारलं, शेजाऱ्याचा कधी हेवा वाटलाय का? मी लगेच सांगितलं, कधीच नाही. व्हर्ना म्हणाली, "भरपूर वेळा. तुम्हाला नाही वाटत?" सगळे हसले. मला वाटलं, गेली ही घरी. तर तिलाही घेतलं.

चौदा जण निवडले. बारा खुर्च्या दोन रांगांत, लाकडी, जमिनीला ठोकलेल्या. त्यांच्यापुढे दोन गाद्यांच्या, गोल फिरणाऱ्या. त्या आम्हा दोघींना. तेरावी माझी, चौदावी व्हर्नाची. वयाचा मान असणार. जज्जबाई खुर्च्यांबद्दल काहीतरी समजावत होत्या, पण तेव्हाच व्हर्ना पर्समध्ये खुडबुड करत होती, नीट ऐकू आलं नाही. महत्त्वाचं असेल तर पुन्हा सांगतील.

तेरा हा चौदाच्या आधी येतो एवढं नमूद करते.

७ मार्च, मंगळवार

खटल्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही, असा हुकूम आहे. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे.

लाइलनंच केलंय. पाहताक्षणी कळतं. डेनीची साक्ष चालू असताना 'टीव्ही' म्हटलं की त्याचा जबडा आवळतो. मत्सरानं माणूस असा आतून कुरतडला जातो. मी शांतपणे बघत असते. व्हर्नानं आज आणखी एक नवा स्वेटर घातला होता. निळा. तिला निळा शोभत नाही. ऑरिनला निळा आवडायचा, पण तो योगायोग.

दुपारी ज्यूरीच्या खोलीत व्हर्नाच्या लिंबाच्या वड्या. मी खजुराच्या नेल्या होत्या. तिच्या सव्वादोनला संपल्या. माझ्या पोट भरणाऱ्या असतात, म्हणून उरल्या.

कोर्टाचा शिपाई गॉर्डी, आमच्याच चर्चमधला, म्हणाला, "अर्डिसबाई, एक घेऊ का?" मी म्हणाले, घे ना. त्यानं दोन घेतल्या. भला माणूस.

८ मार्च, बुधवार

आगीचा तज्ज्ञ आला होता. शेगडीचा पाइप, वाऱ्याची दिशा, काजळी. एवढे नकाशे कशाला? पंधरा मिनिटं डोळे मिटून ऐकलं. डोळे उघडले तर व्हर्नानं वहीची चार पानं भरून टाकलेली. मला कोपर मारून म्हणाली, "घोरत होतीस."

मी घोरत नाही. ऑरिन चव्वेचाळीस वर्षांत एकदाही म्हणाला नाही. तो नुसता पलीकडच्या खोलीत जाऊन झोपायचा.

ज्यूरीची माणसं माझ्याकडे आदरानं बघतात. दहा नंबरचा तरुण, मोटारींचं रंगकाम करणारा, आज दार उघडून उभा राहिला. व्हर्ना आधी गेली, पण दार माझ्यासाठी होतं.

उद्या वकिलांची शेवटची भाषणं, मग आमची बारी. निळी पेन्सिल पर्समध्ये ठेवली. करड्या रंगाचा पोशाख इस्त्री केला, ऑरिनच्या दफनाला घातला होता तोच. दुसरा चांगला नाही. त्यानंतर आज पहिल्यांदा कपाटातून काढला. खिशात त्या दिवशीचा रुमाल निघाला. धुवायला टाकला नाही, परत ठेवला.

९ मार्च, गुरुवार. सकाळी साडेसहा

बर्फ नाही. रस्ता मोकळा. भाषण पाठ आहे. ऑरिन, बघच आता.

९ मार्च, दुपारी चार

घरी आहे.

काय झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, पुढेमागे उपयोगी पडेल.

भाषणं झाली. जज्जबाईंनी कायदा वाचून दाखवला. मग म्हणाल्या, ज्यूरी बाराची असते, पुढच्या दोन खुर्च्या राखीव, हे सोमवारी सांगितलंच आहे. राखीव! कोणी आजारी पडलं तर लागतात म्हणून बसवलेल्या दोन बायका, मी आणि व्हर्ना. चार दिवस मी राखीव होते आणि मला ठाऊक नव्हतं.

मग म्हणाल्या, आज सकाळी सात नंबरच्या बाईंना ताप भरलाय, एक जागा रिकामी आहे. क्रमानं पहिला हक्क मिसेस टॉलेफसन यांचा. आणि माझ्याकडे वळून विचारलं, ही जागा घ्यायची तुमची तयारी आहे का?

मी पर्समधल्या पेन्सिलीवर हात ठेवला.

मी म्हणाले, "नको नको, माझ्यासाठी कशाला त्रास."

जज्जबाई म्हणाल्या, "ठीक आहे. आभारी आहे. आपण जाऊ शकता."

दुसऱ्यांदा विचारलंच नाही! गॉर्डी दाराशी उभा होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं. तो इथला आहे. तो मनातल्या मनात तीनपर्यंत मोजत होता, मी पाहिलं. मी उभीच राहिले, म्हटलं विचारतील. त्या व्हर्नाकडे वळल्या. आपली तयारी आहे का?

व्हर्ना म्हणाली, "हो."

तोंडात घास असल्यासारखं, पटकन.

व्हर्ना उठताना तिची फिरती खुर्ची गर्रकन वळली आणि माझी पर्स पडली. पेन्सिल घरंगळत लाइल फॉसच्या पायाशी गेली. त्यानं उचलून दिली. "घ्या, मावशी," म्हणाला. आधी बाहीला पुसली होती.

१० मार्च, शुक्रवार

जज्जबाईंना पत्र लिहायला घेतलं. 'अ‍ॅरिझोनात काय पद्धत आहे मला माहीत नाही, परंतु'. इथे थांबले. आमची रीत कोर्टाच्या कागदावर कशी मांडायची? नको म्हणजे हो, पण लगेच नाही. वाचून मलाच हसू आलं असतं, म्हणून फाडलं.

खरं तर बरंच झालं. माझे गुडघे लाकडी खुर्चीत टिकले नसते.

व्हर्ना आत्ता ज्यूरीच्या खोलीत निकाल ठरवतेय. ऑरिन ज्या खोलीत होता, त्याच. ती दोघं तिथे निकालाला बसली. मी नाही.

दुपारी वडी खाल्ली. खजुराची. खरंच कोरडी आहे.

१४ मार्च, मंगळवार

व्हर्ना आली. लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन. कॉफी घेणार का विचारलं, हो म्हणाली. अर्थातच.

निकाल लागला. लाइल निर्दोष. डेनीच्या स्वतःच्या शेगडीचा पाइप सैल होता, त्या तज्ज्ञानं बुधवारी नकाशावर दाखवलं होतं. मी नेमकी तेव्हाच डोळे मिटून ऐकत होते. मी म्हणाले, पण त्याचा मत्सर? व्हर्ना म्हणाली, "अगं, मत्सर कोणाला नसतो. मत्सरानं खोप्या जळायला लागल्या तर तळं रिकामं होईल."

प्रमुख कोण होतं, असं मी सहज विचारलं.

"मीच. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. मागच्या वेळेसारखंच."

मी म्हणाले, मागच्या वेळी ऑरिन होता.

व्हर्नानं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "अर्डिस, त्याला विचारलं होतं सगळ्यांनी, पहिलं त्यालाच. तो म्हणाला नको नको. पुन्हा विचारलं. म्हणाला, माझ्यासाठी कशाला. मला वाटलं याला खरंच नकोय, मी हो म्हणून टाकलं. हाताची घडी घालून बसला होता बिचारा, तिसऱ्यांदा विचारतील म्हणून. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही."

मी म्हणाले, मग निकाल त्यानं लिहिला ती पेन्सिल?

"निकाल छापील असतो गं. मी पेननं सही केली. पेन्सिली सगळ्यांनाच दिल्या होत्या."

मग तिनं पर्समधून नाताळच्या कार्डांचा गठ्ठा काढला, रबर लावलेला. पंचवीस कार्डं. प्रत्येकावर ऑरिनचं तेच तिरकं अक्षर, तोच मजकूर. 'प्रमुखबाईंना सादर. घरी अर्डिसला सांगू नये, ही विनंती.'

पंचवीसच्या पंचवीस वाचली. तोवर व्हर्नानं माझ्या खजुराच्या दोन वड्या खाल्ल्या. मग ऑरिन घडी घालून बसायचा ते डोळ्यांसमोर आलं, कोपरं वर, हनुवटी खाली. बस चुकलेल्या माणसासारखा. मी हसायला लागले आणि मग ते हसणं राहिलं नाही. तो करड्या पोशाखातला रुमाल काढून आणला.

१६ मार्च, गुरुवार

व्हर्नाचा फोन. "दुपारी कॉफीला ये. आणि हे बघ, मी एकदाच विचारणार आहे."

हो म्हणाले. तिचं ताट परत करायचंय म्हणून. दुसरं काही कारण नाही.

जाताना दूध आणि खजूर आणायचाय. यादी करायला घरात पेन सापडेना. ऑरिनची निळी पेन्सिल घेतली आणि भाजीच्या सुरीनं तिला टोक काढलं. पहिल्यांदाच निघत होतं. लाकूड नव्यासारखं पांढरं होतं आतून.