मशीनची मागची बाजू

पोकलेन मशीन वळवत होतो, माय, बकेट मातीने भरलेली, नजर पुढच्या ट्रकवर, आणि मागून बाया ओरडल्या. लिव्हर सोडून खाली उडी मारली. पांडेसऱ्यात डाइंग मिलच्या भिंतीलगत गटाराचा चर खणतोय. मशीनचं मागचं वजन आणि ती भिंत यांच्यात एक बाई चिकटून उभी होती. तिच्यापुरतीच जागा उरली होती. डोक्यावरचं घमेलं चेपून खाली पडलं होतं. मुकादम धावत आला. "क्या हुआ?" मी म्हणालो, "बाई मधे आली." तो तिच्याकडे वळला. "बेन, आँखें घर पे रखके आती है? कल से मत आना." ती चेपलेलं घमेलं पदराने पुसत राहिली.

ट्रेनिंगमध्ये सरांनी फळ्यावर पोकलेन काढलं होतं. पुढे बूम, त्याला जोडलेला आर्म, टोकाला बकेट. खाली चालायला चेन, वर फिरणारी केबिन. मागचं वजन सगळ्यात शेवटी. भरलेली बकेट उचलताना मशीन पुढे कलंडू नये म्हणून. ट्रेनिंगच्या वहीत त्यावर तेवढी एकच ओळ. तू हेच सगळं खालून शिकली होतीस, वीस वर्षं मजुरीला चरात उभी राहून. पहिलं मशीन हाती आलं तेव्हा तुला हजीऱ्याच्या साइटवर दाखवायला नेलं. वाटलं होतं, हौसेने केबिनमध्ये बसशील. तू सरळ मागे जातेस. बूमला मान म्हणतेस, बकेटला तोंड, आणि त्या वजनावर थाप मारतेस. "हाई यानं ढुंगन." तिथल्या बाया पदराआड हसतात. तू हसत नाहीस. चेन जागेवर असते, म्हणून खालच्या माणसाला वाटतं मशीन उभं आहे, असं सांगतेस. वरचा भाग फिरला की हे वजन चेनच्या बाहेर येतं. मग माझ्याकडे बघून, "पुढे समदाच देखतस. मांगे कोन देखी?" मी चिडलो होतो. म्हणालो, "माय, मनाकडे लायसन शे."

डिंडोलीत घरी आलोय. ताट निवून गेलंय. खरं सांगितलं तर मशीनवरून उतरवतील. दुसरा ऑपरेटर त्यांच्याकडे तयारच आहे. नाही सांगितलं तर ती बाई उद्या घरी बसेल. दुपारपासून हे दोनच विचार. मधेच वाटतं, कदाचित ती खरंच मधे आली असेल. मग तुझी थाप आठवते. मागचं दाखवणारा आरसा शाबूत होता, माय. पुसलेला होता. मी त्यात पाहिलंच नाही. एवढं इथे लिहितोय, आणि वही मिटतोय.

वही पुन्हा उघडलीय. सकाळी मुकादमाला सांगितलं, चूक माझी होती. त्याने किल्ली मागितली, मी दिली. बाई आली नव्हती. तिचा पत्ता विचारला. मजुरांच्या नाक्यावरून रोजावर आणलेली होती, एवढंच त्याला ठाऊक होतं.