मैत्रिणीला विचारलं तेव्हा

पोखर्णी
६ एप्रिल २०२५
।। श्री नृसिंह प्रसन्न ।।

सौ. त्रिवेणीस सविताचा सप्रेम नमस्कार.

आमी इकडं खुशाल. तू परभणीत गेलीस अन् लयच मोठी झालीस बाई! फोन केला की पाहुणे आलेत म्हणून ठेवून देतेस. म्हणून पत्र धाडलं, हे ठेवून देता येत न्हाई.

माझ्या भक्तीचं लग्न सोनपेठला जमत आलंय. पोरगा नागेश तिच्या लय मनात भरलाय. सगळं ठरलं अन् कुणीतरी कानावर घातलं की पोरीच्या आईला फिट येते, पोरीलाही येईल. माझं पहिलं स्थळ ह्याच्यावरूनच मोडलं होतं. पोरगी नीट जेवत न्हाई.

माझ्या डाक्टरच्या कागदात काही निघालं न्हाई, तरी नागेशच्या वडलांना, माणिकरावांना, जुन्या ओळखीच्या माणसाचा शब्द पायजे. फिट येणाराला स्वतःला कळत न्हाई म्हणतात, मग मी काय सांगू? दहावीपर्यंत एका बाकावर तूच होतीस. मला कधी आली होती का, खरं सांग. आली नसंल, तर त्यांना भेटून तेवढं बोल.

तूच माझी सख्खी. लोभ आहेच, तो कुठं जातोय?

तुझी सविता


परभणी
१९ एप्रिल २०२५

सवितास त्रिवेणीचा नमस्कार.

तुझं पत्र आल्यापासून मी दार लावून बसले होते. ह्यांना वाटलं आजारी पडले. मी लाजेनं मेले होते गं.

तुला फिट कधीच आली न्हाई. झेंडावंदनाला उपाशीपोटी चक्कर आली, तेवढंच. तुला बघून पाहुणे परत निघाले तेव्हा आमच्या ओसरीवर टेकले. मैत्रीण म्हणून मला विचारलं, अन् मी म्हणाले, तिला फिट येते. मला तेव्हा एकामागून एक नकार यायला लागले होते. तुझं आधी जमतंय हे सोसलं न्हाई. एवढंच कारण. स्थळ मोडलं तेव्हा तू माझ्याच गळ्यात पडून रडलीस, अन् मी तुझे डोळे पुसले.

काल सोनपेठला गेले. ते खोटं मीच बोलले होते हे कशाला काढायचं म्हणून नुसतं सांगितलं, सविताला फिट येत न्हाई. माणिकराव हसले, म्हणाले मैत्रीण बाजू घेणारच. मग सगळं बोलले, ह्यांच्यादेखत, घरच्या बायामाणसांदेखत. नागेशच्या आईनं माझ्यापुढचा चहा उचलून नेला. बरोबर केलं तिनं.

लोभ असावा असं लिहायचं तोंड न्हाई मला. शिव्या दे, पण उत्तर दे.

त्रिवेणी


पोखर्णी
३० एप्रिल २०२५

त्रिवेणी,

माणिकरावांचा होकार आला. भक्ती नाचायलीय. लग्नाला तू येऊ नको. तिनं विचारलं तर तुला बरं न्हाई म्हणून सांगीन.

स्थळ मोडलं त्याचं मला काही न्हाई, आमचे हे चांगले निघाले. पण बाई, मी ते खरं धरलं! भक्ती तान्ही होती तेव्हा फिट आली तर पोर हातातून सुटेल म्हणून तिला घेऊन कधी उभी राहिले न्हाई. चुलीपुढं न्हाई, आडावर न्हाई. आंघोळ सासूबाईंनीच घातली. गाव म्हणायचं, हिला पोरीची माया न्हाई. मी ऐकून घ्यायची. आता ती चालली सासरी. ते दिवस तू मला कुठून आणून देशील?

हळदीला मात्र तिला मीच न्हाऊ घालणार हाय. एकटी. कुणालाच जवळ येऊ देणार न्हाई. तेवढं तुझ्या खरं बोलण्यानं झालं, म्हणून हे उत्तर.

सविता