दार सगळ्यांसाठीच लावायचं

डॉक्टरबाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कट्टा गावात तुमचा दवाखाना होता, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. तिथे मोबाईलचं दुकान आहे. तुमची आठवण तशी मधूनमधून निघतेच, पण परवा जरा जास्तच निघाली. सुनेला घेऊन मालवणला बायकांच्या डॉक्टरकडे गेले होते. तिनेच विचारलं होतं, सोबत येता का म्हणून. मी आपली मोठ्या तोऱ्यात तिच्यामागून आत शिरले, तर तिथली तरुण डॉक्टरीण हसून म्हणाली, "आई, तुम्ही जरा बाहेर बसा." मी म्हटलं, मी सासू आहे. ती म्हणाली, "म्हणूनच." आणि दार लावलं. बाकावर बसले तेव्हा आधी रागच आला. मग तुम्ही आठवलात आणि एकटीच हसले.

तुमच्या त्या लावलेल्या दाराला सगळा कट्टा हसायचा. बाईला साधा खोकला असला तरी तुम्ही दार लावायचात, नवरा, सासू, आई, जो कोणी सोबत असेल तो व्हरांड्यात. लोक म्हणायचे, डॉक्टरीण खोकला पण गुपचूप ऐकते. मी तुमच्याकडे आले तेव्हा माझा मुलगा अंगावर पीत होता, नवरा रजा संपवून बोटीवर परत गेला होता आणि मला पुन्हा दिवस गेले होते. पहिल्या बाळंतपणात मरता मरता वाचलेली मी. अंगात उभं राहायचीसुद्धा ताकद नाही, आणि घरी सासूला नुसता संशय आला तेवढ्यावर तिने देवाला गाऱ्हाणं घालून ठेवलेलं, दुसरा नातू दे म्हणून. मला हे मूल नको, असं तिला कळलं असतं तर तिने मला माहेरी पाठवून दिलं असतं, आणि मुलगा ठेवून घेतला असता. या भीतीने मला बोलताच येत नव्हतं. तुम्ही वाट बघितलीत. मी दाराकडे सारखी बघते हे तुमच्या लक्षात आलं असणार. तुम्ही म्हणालात, "दार एकट्या तुझ्यासाठी लावला, तर दारच गावभर सांगत फिरतला. म्हणान सगळ्यांसाठी लावतंय."

मग मी सगळं सांगितलं. नवऱ्याची सही कुठून आणू, हेही विचारलं. तुम्ही म्हणालात, "सही तुझी लागता, घोवाची नाय. कायद्यातच आसा. आणि तुझा नाव हयसून भायर जावचा नाय, ताही कायद्यात आसा." मला तर खरंच वाटेना. माझ्यासारखीचा विचार कोणी दिल्लीत बसून केला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कायदा म्हणजे जमिनीच्या भांडणातला, एवढंच मला माहीत. तुम्ही मला बाजाराच्या दिवशी बोलावलंत, हातात पिशवी घेऊन. कट्ट्याला कशाला गेलीस, असं विचारणाऱ्याला पिशवी दिसली की पुरे. तुमच्याकडे येणाऱ्या किती बायकांच्या पिशवीत तुमच्या सांगण्यावरून वांगी आणि लाल माठ गेला असेल, देव जाणे. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी येऊन माठाची भाजी केली. पोटात कळा होत्या, पण बाई, मला सुटल्यासारखं वाटत होतं. दुःख नव्हतंच असं नाही. पण सुटले, हे जास्त होतं.

सासू काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. माझ्या ओकाऱ्या थांबल्या हे तिने बघितलं आणि एक दिवस पिकलेला कापा फणस घेऊन ती थेट तुमच्याकडे आली. फणस म्हणजे तुमचा जीव की प्राण, हे तिला ठाऊक. परत आली ती फुरंगटून. तुम्ही तिला काय म्हणालात ते तिनेच चुलीपुढे मला ऐकवलं, नक्कल करून: "तुमची सून इली काय नाय, ह्या मी तुमका सांगूचंय नाय. आणि तुमी इलात, ह्या तिका सांगूचंय नाय." मी खाली बघून भाकरी थापत राहिले. पण नवल म्हणजे त्यानंतर तिने विषय कधी काढला नाही. असं का, ते तिच्या शेवटच्या आजारपणात तिनेच सांगितलं. तिचं अंग बाहेर यायचं, कित्येक वर्षं, आणि तुमच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. सासऱ्यांनाही नाही. एकाच दारामागे आम्ही दोघी वेगवेगळ्या येऊन रडून गेलो होतो, आणि तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात तरी तुमच्या तोंडावरची रेष हलली नाही. नवऱ्याला मी तो परत आल्यावर सांगितलं, माझ्या मनाने, माझ्या शब्दांत. त्याने मुलाला उचलून घेतलं. ते सांगणं माझ्या हातात राहिलं, हे तुमचे उपकार. माझा संसार त्यावर उभा आहे.

परवा सून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी काही विचारलं नाही. आम्ही हॉटेलात बसून भजी खाल्ली, चहा प्यायलो. घरच्या खोल्या पर्यटकांना देतो, त्यांना नवे पडदे घ्यायचेत, त्याबद्दल बोललो. संध्याकाळी मुलाचा गोव्याहून फोन. ती त्याचा फोन घेत नव्हती. "आये, डॉक्टर काय बोलली?" मी म्हटलं, "तिका विचार. ती सांगात तेवढाच तुझा." तो चिडला, तू आई आहेस की कोण, म्हणाला. मी फोन ठेवला. सून पडद्याआड उभी होती. रात्री माझ्या ताटात तिने माशाचा मधला तुकडा वाढला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. तुमच्याकडून काही बाहेर जात नाही, म्हणून फक्त तुम्हाला सांगते. आत काय झालं ते मला ठाऊक नाही. मी तिला विचारणार नाही, मुलालाही नाही, देवाला गाऱ्हाणंही घालणार नाही. पण मला नातवंड हवंय, बाई. फार हवंय.