कॉलरखालची ओळ

६ सप्टेंबर, शनिवार

मिळाली. नवी जर्सी अंगात घालूनच लिहितेय, टॅग अजून लोंबतोय. डाळिंबी रंग, मोहरीसारखी पिवळी कॉलर आणि कॉलरखाली मानेवर बारीक कन्नड अक्षरांत फुटबॉल मॅचला आमचा स्टँड ओरडतो ती ओळ: नम्म ऊरु, नम्म एम्मे. आपलं गाव, आपला अभिमान.

ओळ मंजण्णांची. (यापुढे नुसतं मं., हात दुखतो.) ढोल बडवत ते वर्षानुवर्षं हेच ओरडतात. मे महिन्यात क्लबने चाहत्यांकडे एक ओळ मागितली, सगळ्यांनी हीच सुचवली, आणि कन्नड लिपीत टाइप करून पाठवली मी. नुकताच कन्नडचा क्लास संपला होता, मिरवायची खाज. छापण्याआधीचं प्रूफही मलाच आलं. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या ‘ओके’ केलं.

कोल्हापूरची पोरगी, बेंगळुरात जेमतेम चार वर्षं, आणि तिने लिहिलेलं कन्नड क्लबच्या जर्सीवर. आज फक्त चाहत्यांच्या ग्रुपमधल्या मोजक्यांना मिळाली, बाकीच्यांना पुढच्या आठवड्यात. आईला पाठमोरा फोटो पाठवला. उत्तर: “तोंड कुठाय?”

७ सप्टेंबर, रविवार

जयनगरला मं.च्या दुकानात. कंपनी जर्सी बेतते खेळाडूंच्या पोटावर आणि घालतो आम्ही, म्हणून सीझन सुरू झाला की त्यांच्या शिलाई मशीनपुढे रांग. कुणाला काखेत सैल हवी, कुणाला पोटावर. माझीही काखेत दाटतेय.

“स्वल्प टाइट आगिदे, तंगी.” तोंडात टाचण्या धरून. तंगी म्हणजे धाकटी बहीण. मराठीत तंगी म्हणजे काय, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पाठ करून उभी राहिले, म्हटलं, वाचा ना अण्णा. चष्मा लावला. कॉलर दोन बोटांनी ताणून धरली. मग “चन्नागिदे”, छान आहे, आणि लगेच टेप घेऊन खाली वाकले.

एवढंच? मला वाटलं होतं ढोल काढतील. भावुक झाले असतील.

९ सप्टेंबर, मंगळवार

ग्रुपवर धुमाकूळ. दोनशे मेसेज, सगळे जर्सीवर. कॉलर हवी की नको. छातीवरची जाहिरात इतकी मोठी की आपण बँकेचे शिपाई वाटतो. कापड टोचतं. कापड टोचत नाही, तुझी कातडी नाजूक.

नागराजने नेहमीप्रमाणे जुन्या सगळ्या जर्सी पलंगावर ओळीने पसरून फोटो टाकला. मागच्या रांगेत उभा राहणारा, गॅरेजवाला, गेल्या कुठल्याच जर्सीबद्दल बरं न बोललेला माणूस. त्याचं म्हणणं, हा रंग डाळिंबी नव्हे, बीटरूट. तरी शेवटी लिहिलंय की मानेवर कन्नड आलं हे बरं केलं, ही एक गोष्ट मनापासून आवडली. त्याची जर्सी अजून यायचीय, ऐकूनच खूश.

नागराजला आवडली. स्क्रीनशॉट काढून ठेवला. ऑफिसात दिवसभर एकही बग सापडला नाही, शोधलाच नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी जर्सी घालून भाजीला. वांगी निवडायला वाकले होते. मागून लक्ष्मक्का, आमच्या एचएसआरच्या कोपऱ्यावरची भाजीवाली: “बेन्न मेले एम्मे याके?”

पाठीवर एम्मे कशाला, असं विचारतेय. मी ऐटीत सांगितलं, एम्मे म्हणजे अभिमान. बाई हसत हसत खालीच बसली. “अदु हेम्मे. हे, हे.” अभिमान म्हणजे हेम्मे. आणि एम्मे म्हणजे? तिने डोक्याशी दोन बोटं धरून शिंगं करून दाखवली.

म्हैस.

आपलं गाव, आपली म्हैस.

मं. मंड्याकडचे. त्यांच्या तोंडात ‘ह’ टिकत नाही, हालु, म्हणजे दूध, मागताना आलु म्हणतात. ऐकणाऱ्यांना सवय आहे, ते मनातल्या मनात ‘ह’ घालून घेतात. मी घातला नाही. जन्मभर मराठीत जसं ऐकलं तसं लिहिलं, तसंच इथेही. हेम्मे हा शब्द मला माहीतच नव्हता, त्यामुळे चुकल्याचीही शंका नाही. आणि मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते.

वांगी तिथेच राहिली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ग्रुपवर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. अक्षरं बारीक आहेत. स्वतःची मान कुणाला दिसते? आणि ओळ सगळ्यांना पाठ, वाचणार कोण?

आज सगळ्यांच्या जर्सी घरपोच झाल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

पहिली होम मॅच. २–०. दुसरा गोल असा की अजून अंगावर काटा आहे, हाफलाइनवरून एकट्याने नेला, तिघांना चकवलं. सगळा स्टँड डाळिंबी. घसा बसलाय. हे आधी लिहून घेते, कारण पुढचं लिहायला नको वाटतंय.

हाफटाइमला पाहुण्यांच्या स्टँडमधून म्हशीच्या रेकण्याचे आवाज सुरू झाले. गेटवरच्या रांगेत त्यांच्यातल्या कुणीतरी मान वाचली असणार; आमच्यात माझ्याशिवाय कुणाला कळेना. मग नागराजने पुढच्या माणसाची मान अंगठ्याने ताणली आणि मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी वळून मं.कडे पाहिलं. एक जण: “मंजण्णा, ‘ह’ एल्लि?” ‘ह’ कुठाय?

मं.नी ढोलावरचे हात थांबवले. “नन्न तप्पु. ना अंगे एळ्दे.” माझी चूक, मीच तसं सांगितलं. त्यातही ‘हंगे’चं ‘अंगे’ आणि ‘हेळ्दे’चं ‘एळ्दे’. स्टँड हसून लोळला. तेही हसले.

मी त्यांच्यापासून दोन पायऱ्या खाली. झेंडा हलवत राहिले. एक शब्द बोलले नाही. लाज वाटते.

१५ सप्टेंबर, सोमवार

क्लबचं पत्रक: छपाईची चूक, दिलगिरी, जर्सी बदलून मिळेल. ग्रुप दुभंगला. अर्धे म्हणतात बदलणार नाही, जगात म्हशीची जर्सी कुणाकडे आहे? एकाने शिंगांचं स्टिकरही केलंय, झकास जमलंय. अर्धे भडकलेले.

सगळ्यात भडकलेला नागराज. त्याचा मेसेज दोनदा वाचला. मंजण्णाची जीभ आपली आहे, तिला माफ. पण ज्याने टाइप केलं, ज्याने तपासलं, त्याला आपली भाषा येत नाही आणि ती मानेवर लिहायची हौस मात्र आहे. असले बाहेरचे लोक क्लबच्या ऑफिसात कशाला? खाली पंचेचाळीस अंगठे.

सगळे धरून चाललेत की टाइप ऑफिसात झालं. मी पाठवते म्हणाले होते ते मे महिन्यात, कोण लक्षात ठेवतो. माझं नाव कुठेच नाही.

पप्पांचा फोन. सगळं सांगितलं. आधी पाच मिनिटं हसले, मग, “म्हस काय वाईट असती व्हय? दूध देती की.” मग, “त्या माणसाला सांगितलंस काय?” म्हटलं, रेंज नाही, ठेवते.

२० सप्टेंबर, शनिवार

मॅच १–१. मं. आले नाहीत. ढोल दुसऱ्या कुणीतरी वाजवला, ताल एकीकडे, गाणं तिसरीकडे. कळलं की आठवडाभर पोरं दुकानासमोरून रेकत जातायत. गंमत म्हणूनच, पण रोज. गुरुवारी त्यांनी शटर लवकर ओढलं म्हणे.

उद्या जाणार. ठरलं.

२१ सप्टेंबर, रविवार

गेले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं, ते विसरून मोडक्या कन्नडमध्ये ओकून टाकलं. मी लिहिलं, मी तपासलं, तुमची चूक नाही.

मं. दोरा ओवत होते. “गोत्तु.”

माहीत आहे? कधीपासून?

“मोदलने दिना.” पहिल्या दिवसापासून. मी पाठ करून उभी राहिले, त्यांनी चष्मा लावला, तेव्हाच वाचलं होतं. मग सांगितलं का नाहीत? म्हणाले, तू इतकी खूश होतीस. कसं सांगणार?

तिथेच रडू आलं. स्टुलावर बसून, लोकांच्या काखेत उसवलेल्या जर्सींच्या ढिगाशेजारी.

मी म्हटलं, ग्रुपवर लिहिते. ते एकदम कडक झाले. “एळबेडा.” नको सांगू. म्हातारा बोबडा बोलला, लोक हसतील आणि विसरतील. तू बोललीस तर विसरणार नाहीत. नागराजचा मेसेज त्यांनीही वाचला होता. पुन्हा पुन्हा तेच, तुला इथं राहायचंय, तंगी.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. परवानगी मिळाल्यासारखं. येताना बसमध्ये त्याचाच राग येत राहिला, स्वतःचा.

२४ सप्टेंबर, बुधवार

मं.ना फोन. शनिवारी तुम्ही आलात तरच मी येणार, म्हटलं. मशीनचा आवाज थांबला. मग, “सरी.” बरं.

काय करणार आहे ते त्यांना सांगितलं नाही. मलाही नक्की माहीत नाही. ऑफिसात तीन बग काढले, तिन्ही स्पेलिंगचे.

२७ सप्टेंबर, शनिवार

घरी आले. सगळं लिहिते.

मं. आले. मान खाली, पण आले. ढोल त्यांच्या हातात गेला आणि स्टँड परत स्टँड झाला. पहिल्या हाफमध्ये आमचे दोन शॉट बारला लागले, ०–०, वेड लागायची पाळी. रेकणं होतंच, आता आमच्याच बाजूनेही, लाडाने. दर वेळी मं. हसत होते. मी त्यांच्या शेजारी उभी होते, हसताना ढोलावरची बोटं कशी आवळत होते ते दिसत होतं.

हाफटाइमला भोंगा मागितला. घोषणांसाठी मागतेय असं वाटून लगेच दिला. मं.नी माझी बाही ओढली. मी बोलले. “अदु नानु बरेदिद्दु. मंजण्ण अल्ल.” ते मी लिहिलं, मंजण्णांनी नाही. मग, प्रूफही मीच पाहिलं. मग, क्षमिसि, माफ करा. एवढंच येत होतं. पुढचं पाठ केलेलं सगळं उडालं.

कुणी रेकलं नाही. मं. ढोलाकडे बघत होते.

टीम मैदानात आली, खेळ सुरू झाला, पण माझ्या आसपासचे कुणी मैदानाकडे बघेनात. नागराज मागच्या रांगेतून पायऱ्या उतरत खाली आला, माझ्यासमोर उभा. घोषणांइतक्याच मोठ्या आवाजात: “यावूरम्मा निम्दु?”

कुठल्या गावची तू.

“कोल्हापूर,” मी म्हटलं.

तो तोंड उघडून काहीतरी बोलणार होता. अगदी उघडलंच होतं. तेवढ्यात कॉर्नर, डोकं, गोल. स्टँड फुटला. कोण कुणावर पडलं कळलं नाही, मं. ढोलासकट दोन पायऱ्या खाली. आणि नागराजने मला गच्च धरून वर उचललं, माझा चष्मा त्याच्या खांद्यात रुतला, मीही किंचाळत त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. मग त्याने मला खाली ठेवलं, क्षणभर पाहिलं आणि वर आपल्या रांगेत निघून गेला. १–०, जिंकलो. शिट्टीनंतर शोधला, दिसला नाही.

ग्रुपवर आतापर्यंत फक्त गोलचे व्हिडिओ. माझ्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही, नागराजनेही नाही.

मं.ना बसपर्यंत सोडायला गेले, तेव्हा विचारलं, गोल झाल्यावर मारलेली मिठी खरी धरायची असते का? म्हणाले, गोलला तर मी पोलिसालाही मिठी मारलीय.